टोमॅटोचा वाण निवडताना : आधी चव, मग रंग

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे लोहमार्गाच्या कडेने आज जवळजवळ एकमेकांस भिडलेली आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे उल्हासनगरात सुमारे पाच लाख, अंबरनाथेत सुमारे अडीच लाख आणि बदलापुरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. त्यानंतरची वाढ डोळ्यांसमोर आहे. या सर्व घरांत टोमॅटो रोज लागतो. उल्हासनगरातील सिंधी कुटुंबांच्या साई भाजीत तो पालक व हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजतो, तर मराठी घरांत त्याचे सार व कोशिंबीर होते. तथापि या बाजारपेठेतील टोमॅटोचा मोठा भाग नारायणगाव व नाशिककडून, माळशेज आणि कसारा हे घाट उतरून येतो. शहराच्या वेशीवरील शेतकऱ्याचा त्यात वाटा अल्प आहे.

अशा स्थितीत अलीकडे पिवळ्या, नारंगी, काळपट व जांभळ्या टोमॅटोंची चर्चा या भागातील तरुण शेतकऱ्यांत ऐकू येते. रंगीत पाकिटांतून बी विकले जाते आणि 'वेगळा माल, वेगळा भाव' असे सांगितले जाते. याविषयी दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या मते हे सर्व हौशी बागवानांचे खेळ होत. कष्टकरी शेतकऱ्याने त्यात पडू नये. दुसऱ्या पक्षास वाटते की रंग बदलला की दैव बदलले. ही दोन्ही मते सारखीच चुकीची आहेत. शहरालगतच्या लहान शेतकऱ्यास वेगळ्या टोमॅटोत खरोखर वाव आहे. परंतु तो वाव रंगामुळे नसून चवीमुळे आहे. रंग ही केवळ ओळख होय.

लाल टोमॅटोच्या स्पर्धेत निभाव लागेल काय ?

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील शेतकरी टोमॅटो एकरांनी लावतो. त्याच्याजवळ अनुभव आहे, ठिबक आहे आणि व्यापाऱ्यांची साखळी आहे. तरीही त्याची अवस्था कशी होते, हे २०२३ साली सर्वांनी पाहिले. त्या वर्षी मे महिन्यात भाव इतके घसरले की तोडणीचा खर्चही निघेना. जुलैमध्ये हाच टोमॅटो शहरात किलोस शंभर रुपयांच्या पुष्कळ वर गेला, आणि सप्टेंबरमध्ये तो पुन्हा रस्त्याच्या कडेला टाकून देण्याची पाळी आली. मोठ्या उत्पादकाची ही गत, तर बदलापूरकडील पाच-दहा गुंठ्यांत भाजी करणाऱ्याने तोच लाल, टणक टोमॅटो तेवढ्याच भावात विकण्याची आशा कशाच्या बळावर धरावी ?

त्याच्याजवळ एकच भांडवल असे आहे की जे घाटावरच्या शेतकऱ्याजवळ नाही. ते म्हणजे ग्राहकाचे सान्निध्य. घाट उतरून येणारे फळ हिरव्यावरून नुकतेच रंग धरू लागले असता तोडावे लागते. त्याची साल जाड व गर घट्ट असावा लागतो, नाही तर ते वाटेतच फुटते. उलट, पहाटे वेलीवर पूर्ण पिकलेले फळ तोडून सकाळी नऊच्या आत उल्हासनगरच्या ग्राहकाच्या हाती देणे बदलापूरच्या शेतकऱ्यास शक्य आहे. ज्या फळाची साल पातळ आहे, जे दोन दिवसांवर टिकत नाही, परंतु ज्याची चव ग्राहकाच्या जिभेवर राहते, ते फळ दूरचा व्यापारी आणू शकत नाही. जवळच्या शेतकऱ्याने नेमके तेच फळ पिकवावे, हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

पिवळा म्हणजे कच्चा, असा समज का ?

पिवळा टोमॅटो ही आजची नवलाई नव्हे. युरोपात टोमॅटोचे जे अगदी प्रारंभीचे वर्णन मिळते, त्यात इटलीतील वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ मॅटिओली याने १५४४ साली पिकल्यावर सोनेरी होणाऱ्या फळाचा उल्लेख केला आहे. पुढे इटालियन भाषेत 'सोन्याचे सफरचंद' या अर्थाचे 'पोमोदोरो' हे नावच टोमॅटोस रूढ झाले.

आपल्याकडे मात्र पिवळ्या फळाविषयी ग्राहकाच्या मनात शंका असते, आणि तिला सबळ कारणे आहेत. पहिले कारण शेतकऱ्याच्या बोलीतच आहे. लांबच्या बाजारासाठी फळे 'पिवळी पडू लागताच' तोडावीत, असे आपण म्हणतो. म्हणजे पिवळेपणा ही अर्धकच्च्या फळाची खूण ठरली आहे. दुसरे कारण उन्हाचे. लाल टोमॅटोतील लायकोपीन हे रंगद्रव्य हवा फार तापल्यावर, म्हणजे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की नीट तयार होत नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये कोकणातील लाल वाणाची फळे पिवळट नारंगी राहतात. तिसरे कारण २०२० सालचे. त्या वर्षी पुणे, नाशिक, सातारा व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत टोमॅटोवर पिवळे-लाल पट्टे पडू लागले. शेतकऱ्यांनी त्यास 'तिरंगा' असे नाव दिले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणूसह एकाहून अधिक विषाणू त्यात आढळले. वनस्पतींचे हे विषाणू माणसास बाधत नाहीत. परंतु साथीच्या त्या दिवसांत भीती पसरावयाची ती पसरली आणि नुकसान शेतकऱ्याचे झाले.

सबब, खऱ्या पिवळ्या वाणाचे फळ टोपलीत मांडले की "अहो, हे तर कच्चेच दिसतात" असे ग्राहक म्हणणारच. त्याची ती चूक मानू नये. पिवळ्या वाणाची तोडणी केव्हा करावी हे पुष्कळदा शेतकऱ्यासही उमगत नाही, कारण लाली येण्याची वाट पाहता येत नाही. फिकट लिंबासारखा रंग जाऊन गडद हळदीसारखी छटा यावी, फळ अंगठ्याने दाबले असता किंचित दबावे आणि देठाच्या सांध्यापाशी ते सहज सुटावे, या तीन खुणा एकत्र पाहाव्यात. पहिल्या तोड्याच्या वेळी प्रत्येक छटेचे एकेक फळ कापून घरच्या मंडळींनी खाऊन पाहावे. एका आठवड्यात नजर तयार होते.

रंग कशाने येतो, आणि चव कशाने ?

वाण निवडणाऱ्याने रंगामागील कारणे थोडक्यात समजून घेणे हिताचे आहे. कारण प्रत्येक रंगाचा अर्थ निराळा असतो.

साध्या पिवळ्या वाणात लाल रंगद्रव्य तयार करणारा आनुवंशिक घटक निकामी झालेला असतो. अशा फळात लायकोपीन जवळजवळ नसते. नारंगी वाण दोन प्रकारचे आहेत. एकात गाजराप्रमाणे बीटा कॅरोटीन साठते व त्यापासून शरीरास अ जीवनसत्त्व मिळते. दुसऱ्यात लायकोपीनचेच एक निराळे रूप असते. गुलाबी दिसणाऱ्या टोमॅटोचा गर लालच असतो, केवळ साल बिनरंगी असते. काळपट किंवा तपकिरी टोमॅटोत पिकल्यावरही हरितद्रव्य शिल्लक राहते; तांबडे व हिरवे मिळून तो रंग होतो. जांभळ्या टोमॅटोचा रंग वांग्याच्या सालीतील रंगद्रव्याच्या जातीचा असून तो रानटी टोमॅटोंशी संकर करून आणलेला आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्य विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास प्रसारित केलेला 'इंडिगो रोझ' हा त्यांपैकी एक. अशा फळाचा जो भाग उन्हात असतो तोच जांभळा होतो. पानांच्या सावलीतील भाग तसा रंगत नाही आणि आतील गर लालच निघतो. पाकिटावरील चित्रात सर्वांगी निळेशार फळ दाखविलेले असेल तर ती फसवणूक समजावी.

आता चवीकडे वळू. टोमॅटोची चव तीन गोष्टींनी बनते : साखर, आम्ल आणि सुवास. साखर अधिक व आम्ल अगदी अल्प असल्यास फळ मिळमिळीत लागते. आम्ल अधिक व साखर कमी असल्यास नुसते आंबट. दोन्ही भरपूर असली की फळास गोडी येते, आणि सुवासाने ती पूर्ण होते. विशेष हे की सुवासाची काही द्रव्ये रंगद्रव्यांच्या विघटनातूनच निर्माण होतात. यास्तव ज्या पिवळ्या फळात रंगद्रव्य अगदी कमी, त्यास त्या विशिष्ट सुवासाचीही उणीव असू शकते. पिवळा टोमॅटो हटकून गोड किंवा 'कमी आंबट' असतो हा समज खरा नव्हे. काही पिवळे वाण अतिशय मधुर आहेत, तर काही पाणचट. रंगावरून ते कळत नाही, खाऊनच कळते.

नुसत्या डोळ्यांनी निवड केल्याने काय होते, याचे उदाहरण लाल टोमॅटोनेच घालून दिले आहे. पूर्वीच्या वाणांच्या कच्च्या फळांचे खांदे गडद हिरवे असत. फळ सर्व बाजूंनी एकसारखे रंगावे म्हणून गेल्या शतकात फिकट खांद्यांचे वाण निवडले गेले. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्या निवडीत फळातील हरितकणांची वाढ मंदावली आणि फळाची साखरही घटली. २०१७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठ व चीनमधील शास्त्रज्ञांनी सुमारे ४०० वाणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधुनिक व्यापारी वाणांमध्ये चवीची कित्येक द्रव्ये जुन्या वाणांपेक्षा कमी झाल्याचे आढळले. दिसणे, वजन आणि टिकाऊपणा यांसाठी निवड होत गेली व चव मागे पडली. रंगीत टोमॅटो केवळ दिसण्यासाठी निवडणारा शेतकरी तीच चूक दुसऱ्या रंगात करीत असतो.

कोकणातील पहिली अट : मर रोग

घाटावर जो वाण उत्तम येतो तो कोकणात येईलच असे नाही. उल्हास खोऱ्यातील पावसाळी हवा, आम्लधर्मी जमिनी व दमटपणा यांमुळे जिवाणूजन्य मर रोगाचा येथे मोठा धोका असतो. हिरवेगार झाड पाने पिवळी न पडताच दोन-चार दिवसांत माना टाकते. अशा झाडाचे खोड कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरू लागली तर तो जिवाणूजन्य मर होय. या रोगावर फवारणीचा उपाय नाही.

परदेशी जुन्या वाणांची चव कितीही वाखाणली गेली तरी त्यांपैकी बहुतेकांत या रोगास प्रतिकार नसतो. म्हणून पुढील काळजी घेणे अगत्याचे आहे. ज्या खाचरात पावसाळ्यात भात उभे होते व पाणी साचून होते, तेथे भातानंतर टोमॅटो घ्यावा. वांगी, मिरची किंवा टोमॅटो यांमागून टोमॅटो घेऊ नये. लागवड उंच गादीवाफ्यावर करावी. ज्या जमिनीत मर पूर्वी दिसला आहे तेथे रोगप्रतिकारक वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम बांधावे. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने ही पद्धत बऱ्याच वर्षांपूर्वी प्रचारात आणली असून आपल्या देशातही ती अवलंबिली जाते. एवढे जमणार नसेल तर बंगळूरच्या संस्थेचे 'अर्का आभा', 'अर्का आलोक' किंवा संकरित 'अर्का रक्षक' यांसारखे मर सहन करणारे लाल वाणच त्या जमिनीत लावणे शहाणपणाचे.

या भागास एक अनुकूलताही आहे. मुंबई परिसरात हिवाळ्यातील रात्री बदलापूरकडे अधिक थंड असतात. सप्टेंबरच्या अखेरीस अथवा ऑक्टोबरच्या प्रारंभी रोपे टाकून, भात निघाल्यावर २५ ते ३० दिवसांची रोपे लावल्यास फलधारणा थंडीत होते आणि फळे जानेवारीपासून मिळू लागतात. मार्चचा उन्हाळा तापण्यापूर्वी मुख्य तोडे व्हावेत अशी आखणी असावी. उशिरा लावलेल्या पिकात ना रंग नीट येतो, ना चव.

वाण कोठून घ्यावा ?

वेगळ्या रंगाचे बी म्हणजे परदेशी बी, असे समजण्याचे कारण नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'धनश्री' हा वाण मध्यम गोल, नारंगी फळे देणारा असून पर्णगुच्छ व स्पॉटेड विल्ट या विषाणुरोगांस तो कमी बळी पडतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने 'पुसा गोल्डन चेरी टोमॅटो-२' हा लहान, सोनेरी फळांचा वाण तयार केला आहे. तो संरक्षित लागवडीसाठी, म्हणजे शेडनेट किंवा पॉलिहाउससाठी, आहे. हे ध्यानात न घेता तो उघड्यावर लावून निराश होऊ नये. प्रारंभ अशा ज्ञात वाणांनी करावा आणि नंतर एखाद-दुसऱ्या अनोळखी वाणाची परीक्षा घ्यावी.

बाहेरच्या देशांतून टपालाने बी मागविणे सर्वथैव टाळावे. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवान्यावाचून बी आयात करता येत नाही. या नियमामागे भक्कम कारण आहे. टोमॅटोच्या फळावर तपकिरी, सुरकुतलेले डाग पाडणारा एक विषाणू २०१४-१५ मध्ये इस्राएल व जॉर्डन येथे प्रथम आढळला आणि तो बियांबरोबर कित्येक देशांत पोहोचला. एका हौशी पाकिटापायी संपूर्ण तालुक्याचे पीक धोक्यात घालण्याचा अधिकार कोणासही नाही. तसेच अमेरिकेत २०२४ पासून बागवानांना मिळू लागलेला जनुकपरिवर्तित जांभळा टोमॅटो भारतात लावण्यास परवानगी नाही, हेही माहीत असावे.

बियांच्या किमतीचा हिशेबही डोळसपणे करावा. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात; एका गुंठ्यास एक ग्रॅमसुद्धा पुरे होते. तेव्हा दहा-वीस बियांचे महाग पाकीट घ्यावयाचेच असेल तर ते सरळ वाणाचे आहे की संकरित, हे आधी विचारावे. सरळ वाणाचे बी शेतकऱ्यास घरी धरता येते. निरोगी झाडावरील दुसऱ्या-तिसऱ्या घोसातील पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत. गर व बिया भांड्यात एक-दोन दिवस आंबवून धुवाव्यात व सावलीत वाळवाव्यात. स्वतः राखलेले बी पेरण्याचा, इतरांस देण्याचा व ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास दिलेला आहे. पिवळ्या वाणाची एक सोय अशी की पिवळा रंग लाल रंगापुढे दबतो. म्हणून पिवळ्याच्या बियांतून एखादे लाल फळांचे झाड निघाले, तर मागील वर्षी त्या फुलाचा लाल वाणाशी संकर झाला किंवा बियांची भेसळ झाली हे तत्काळ कळते. असे झाड बियांसाठी धरू नये.

एका गुंठ्याची कसोटी

कोणत्याही शेतकऱ्याने पहिल्याच वर्षी सर्व टोमॅटो रंगीत लावू नये. एक गुंठा पुरेसा आहे. ९० गुणिले ६० सेंटिमीटर अंतरावर त्यात सुमारे १८५ रोपे बसतात. त्याचे पाच सारखे भाग करावेत. चार भागांत चार निराळे वाण व पाचव्यात आपला नेहमीचा लाल वाण लावावा. खत, पाणी, आधाराच्या काठ्या व तारा सर्वांस सारख्या द्याव्यात. एका वहीत चार गोष्टी टिपाव्यात : किती झाडे मेली, किती किलो चांगली फळे मिळाली, किती फुटली अथवा किडली आणि खाणाऱ्याने काय म्हटले. चौथी नोंद पहिल्या तीन नोंदींइतकीच महत्त्वाची मानावी.

चव मोजण्यास द्राक्षबागायतदार वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर उपयोगी पडतो. बाजारातील सामान्य लाल टोमॅटो साधारणतः ४ ते ५ अंश ब्रिक्स दाखवितो. चांगला चेरी टोमॅटो ६ च्या वर जातो. परंतु यंत्र साखरेचा अंदाज देते, सुवासाचा नाही. घरातील व शेजारची पाच-सात माणसे, वाणाचे नाव न सांगता, डोळे मिटून खावयास बसवावीत. रंग दिसला की जिभेचा निर्णय बदलतो.

पाण्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. फळे पिकू लागल्यावर पाणी थोडे कमी केल्यास उत्पन्न किंचित घटते पण गोडी वाढते. मात्र आठ दिवस कोरडे ठेवून नंतर भरपूर पाणी दिल्यास पातळ सालीची फळे तडकतात. पाणी कोठले आहे हेही तितकेच महत्त्वाचे. कच्चे खाण्याचे फळ विकणाऱ्याने विहिरीचे वा अन्य खात्रीचे स्वच्छ पाणीच वापरावे. वालधुनी नदीचे प्रदूषण कोणापासून लपलेले नाही. नाल्याच्या पाण्यावर वाढविलेला टोमॅटो सोन्याच्या रंगाचा असला तरी तो विकणे हा ग्राहकाशी द्रोह होय.

उत्पन्नाबाबतही भ्रम नसावा. चवदार वाण बहुधा कमी पिकतात. उदाहरणादाखल, ज्या जागेत लाल वाण १०० किलो देतो तेथे पिवळा ६० किलोच देत असेल, तर सारखे पैसे येण्यासाठी पिवळ्यास लाल टोमॅटोच्या सुमारे पावणेदोन पट भाव मिळावयास हवा. तो दर मिळतो की नाही हे हंगामात पाहावे. मिळत नसेल तर तो वाण सोडून द्यावा. त्यात कमीपणा नाही.

विक्री : चाखवल्यावाचून विकू नये

२०१६ पासून महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकण्याची मोकळीक आहे. रंगीत टोमॅटो आडत्याकडे पाठवू नयेत. तेथे त्यांची गणना कच्च्या मालातच होण्याचा संभव. आठवडे बाजारात, गृहसंकुलाच्या दारात किंवा ठराविक घरी ते स्वतः विकावेत. टोपलीशेजारी धुतलेल्या पाटावर एक फळ कापून ठेवावे व ग्राहकाने शंका काढताच वाद न घालता फोड पुढे करावी. 'हा पिकलेला पिवळा वाण आहे' अशी मराठी, हिंदी व शक्य तर सिंधी अक्षरांतील पाटी असावी. पाव किलोने विक्री करावी, म्हणजे नवख्या ग्राहकास धोका वाटत नाही. कोशिंबिरीस व नुसते खावयास पिवळा, साराला व लाल रश्शाला लाल, असे स्पष्ट सांगावे; नाही तर सार फिकट झाले म्हणून गृहिणी पुन्हा घेणार नाही. पिकलेला टोमॅटो शीतकपाटात ठेवल्याने त्याचा सुवास कमी होतो, हेही विक्रेत्याने आवर्जून सांगावे.

एकदा चव पटली की रंग उपयोगास येतो. लाल टोमॅटोच्या शंभर टोपल्यांत ग्राहक आपल्या शेतकऱ्याचा माल ओळखू शकत नाही. पिवळी टोपली तो दुरून ओळखतो व तिच्याकडेच येतो. परंतु हीच ओळख उलटही फिरते. पाणचट माल एकदा विकला तर त्याच दुरून ओळखू येणाऱ्या टोपलीस तो टाळतो.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

या पट्ट्यात भाताची खाचरे वर्षानुवर्षे इमारतींखाली जात आहेत. ज्याच्याकडे थोडी जमीन उरली आहे त्यास ती कसणे परवडले नाही, तर तीही जाईल. टोमॅटोच्या एका वाणाने हा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. तथापि, शहराजवळील शेतकऱ्याने दूरच्या शेतकऱ्याची नक्कल न करता आपल्या जागेचा लाभ घेऊन शेती करावी, हा धडा टोमॅटोपासून आरंभता येईल आणि तो काकडी, वाल व पालेभाज्या यांसही लागू पडेल.

यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आपल्या गावी निदान एका शेतकऱ्याकडे एका गुंठ्याची कसोटी घडवून आणावी. वाण सुचविताना पाकिटावरील चित्र दाखवू नये. मागील वर्षी कोणाच्या शेतात तो वाण मरला नाही व कोणाच्या घरी तो आवडला, हे सांगावे. फेब्रुवारीत फळे भरात असताना गावच्या शेतकऱ्यांस व शहरातील दहा-वीस ग्राहकांस त्या बांधावर एकत्र बोलवावे. सर्वांनी फळे चाखून एक वाण निवडावा आणि त्याचे बी धरावे. दोन-तीन वर्षांत गावाचा स्वतःचा, गावच्या मातीत टिकलेला व शहराच्या जिभेने पसंत केलेला टोमॅटो तयार होईल. तो पिवळा निघाला तर उत्तमच. नारंगी किंवा लाल निघाला तरी हरकत नाही.